दोन ओपीडींच्या मधले दिवस : बीएमटीनंतर मोबाइल अ‍ॅपचा खरा उपयोग

बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी), म्हणजेच स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला डिस्चार्ज मिळतो, त्या दिवशी घरच्यांच्या हातात जाडजूड फाइल येते, औषधांची पिशवी येते आणि सूचनांची भलीमोठी यादी येते. हॉस्पिटलात असताना प्रत्येक ताप, प्रत्येक जुलाब, प्रत्येक गोळी सिस्टर लिहून ठेवत होत्या. घरी आल्यावर तेच काम आई, बायको, भाऊ यांच्या अंगावर पडतं. त्यातल्या अनेकांनी ‘न्यूट्रोफिल’ (इन्फेक्शनशी लढणारी पांढरी पेशी) हा शब्द काही महिन्यांपूर्वी ऐकलेलाही नसतो. पुढची ओपीडी तीन-चार दिवसांनी. तोवर काय खायला चालेल, कोणती गोळी कधी घ्यायची, आणि काय झालं तर रात्री दोन वाजता गाडी काढायची?

मोबाइल अ‍ॅपची गरज या दिवसांत पडते. माहिती देणारी अ‍ॅप पुष्कळ आहेत, ती वाचावीतही. पण पेशंट जे भरतो ते हॉस्पिटलातलं कोणीतरी त्याच दिवशी वाचतं, ते अ‍ॅप खरं कामाचं, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण कळायला आधी ट्रान्सप्लांट कळायला हवं.

ट्रान्सप्लांटमध्ये होतं काय

भारतातलं पहिलं बीएमटी १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात झालं. आज टाटा मेमोरियल सेंटरचं बीएमटी युनिट खारघरच्या त्यांच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. त्यामुळे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, पनवेल या पट्ट्यात ‘बीएमटी’ हा शब्द बऱ्याच घरांत पोहोचला आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांसारखे रक्ताचे कॅन्सर, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांत हा उपचार केला जातो.

नाव ऐकून मोठं ऑपरेशन डोळ्यांसमोर येतं. पेशंटचं ऑपरेशन नसतं. छातीजवळच्या किंवा दंडातल्या लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून, रक्ताच्या बाटलीसारखी एक पिशवी चढवली जाते, बस. तिच्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. या दिवसाला ‘डे झिरो’ म्हणतात आणि पुढचे सगळे दिवस तिथून मोजतात.

पेशी पेशंटच्याच असतील तर त्याला ऑटोलोगस म्हणतात. मायलोमात बहुतेक वेळा हेच करतात. दुसऱ्याच्या असतील तर अ‍ॅलोजेनिक. सख्ख्या भावा-बहिणीशी पेशींचा प्रकार (एचएलए) पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. कोणीच जुळलं नाही तर आई, वडील किंवा मुलं अर्धे जुळणारे डोनर होऊ शकतात, किंवा डोनर रजिस्ट्रीत शोध घेतला जातो. डोनरला काही दिवस इंजेक्शनं देऊन स्टेम सेल रक्तात उतरवतात आणि मशीनवर त्या वेगळ्या काढतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातूनही मगज (बोन मॅरो) घेतात.

ठाणे जिल्ह्यातल्या कोणालाही भाताची लावणी सांगावी लागत नाही. आधी चिखलणी करून जमीन तयार करायची, मग आवणातली रोपं उपटून तिथे लावायची. पहिले काही दिवस रोप मान टाकतं, मग मुळं धरतं. इथे चिखलणीचं काम डे झिरोच्या आधीची जबर केमोथेरपी करते, कधी सोबत रेडिएशन. जुना मगज जवळजवळ रिकामा होतो. नव्या पेशी रक्तातून आपल्या वाटेने हाडांत पोहोचतात आणि धरायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात. न्यूट्रोफिलचा काउंट सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला की पेशींनी धरलं असं डॉक्टर सांगतात. तोवर तोंडात फोड येतात, घास गिळवत नाही, ताप येतो, रक्त आणि प्लेटलेट चढवाव्या लागतात.

पेशी धरल्या म्हणजे काम झालं, असं घरच्यांना वाटतं. अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांटमध्ये मात्र तिथून दुसरी काळजी सुरू होते. डोनरच्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटू शकतं आणि त्या त्याच्यावरच उलटतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. सुरुवातीला तो मुख्यतः कातडी, आतडी आणि लिव्हर यांना धरतो : अंगावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, कावीळ. त्याला आवर घालायला टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधं देतात. ती औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून इन्फेक्शनचा धोका वाढतो. प्रतिकारशक्ती फार दाबूनही चालत नाही, कारण डोनरच्या याच पेशी मागे उरलेला ल्युकेमिया मारत असतात. ही तारेवरची कसरत पहिले शंभर दिवस फार कडक असते आणि पुढे महिनोन्‌महिने चालते. तिचा बराचसा भाग हॉस्पिटलच्या बाहेर, कळव्याच्या चाळीत नाहीतर खारघरच्या भाड्याच्या खोलीत, पार पडतो.

गोळीचा गजर

बहुतेक अ‍ॅपमध्ये पहिली सोय असते ती औषधाच्या आठवणीची. वरवर साधी वाटते, पण अ‍ॅप विचार करून बनवलंय की नाही, ते इथेच कळतं.

टॅक्रोलिमस सहसा बारा तासांच्या अंतराने घेतात. शरीरात ते किती आहे हे पाहायला रक्ताची ‘लेव्हल’ करतात आणि ते रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा उगाच जास्त येतो. तो आकडा खरा मानून डोस कमी केला तर जीव्हीएचडीला मोकळं रान मिळतं.

एका ओपीडीत ब्लड कलेक्शनच्या रांगेत मी उभी होते. पुढे एक काकू मुलाला घेऊन आल्या होत्या.

“काकू, सकाळची गोळी दिली का?” सिस्टरनी विचारलं.

“दिली की. नऊ वाजता मोबाइल वाजला, लगेच दिली. एक दिवस चुकवली नाही हो.”

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी मन लावून सांभाळलं होतं. त्या गजराला आज लेव्हलचा दिवस आहे हे माहीतच नव्हतं. मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी न घेता पुन्हा यावं लागलं. बीएमटीसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये ओपीडीची तारीख आणि गोळीचा गजर एकमेकांना जोडलेले हवेत. त्या सकाळी मोबाइलवर ठळक मराठीत यायला हवं : ‘आज रक्त देईपर्यंत ही गोळी घेऊ नका, डबीतून सोबत न्या.’ साध्या गजराचं अ‍ॅप वापरत असाल तर त्या दिवसाचा गजर आदल्या रात्रीच हाताने बंद करा.

दुसरं असं की ही औषधं एकमेकांशी भांडतात. बुरशीच्या इन्फेक्शनवरचं व्होरिकोनाझोल टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतं, टीबीचं रिफाम्पिसिन ती खाली आणतं. म्हणून बाहेरच्या डॉक्टरने नवीन गोळी लिहून दिली तर ती सुरू करण्याआधी चिठ्ठीचा फोटो ट्रान्सप्लांट टीमला जायला हवा. असा फोटो पाठवता येणं आणि त्याला उत्तर मिळणं, हे मला कुठल्याही रंगीत आलेखापेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्न कसा विचारलाय ते पाहा

दुसरं मोठं काम लक्षणं नोंदवण्याचं. बरीच अ‍ॅप इंग्रजीतून आलेली असतात आणि विचारतात : जुलाब सौम्य, मध्यम की तीव्र? आता हे पेशंटने कसं ठरवायचं? आमच्याकडे माणूस ‘पोट जरा बिघडलंय’ म्हणतो, आणि त्या ‘जरा’मध्ये दोनदाही येतं आणि दहादाही. विचारायला हवं ते असं : काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा झाली? घट्ट, पातळ की नुसतं पाणी? रक्त दिसलं का? पोटात कळ येते का? अशा प्रश्नांची उत्तरं आजीसुद्धा अचूक देते.

जीव्हीएचडी कोणत्या पायरीवर आहे हे ठरवणं डॉक्टरांनाही सोपं नसतं. त्यांच्या मदतीसाठी ईबीएमटी या युरोपातल्या ट्रान्सप्लांट संस्थेच्या पुढाकाराने ‘ई-जीव्हीएचडी’ नावाचं वेगळं अ‍ॅप बनवलं गेलं आहे. जिथे तज्ज्ञांना आधार लागतो, तिथे पेशंटकडून निवाडा मागणं बरोबर नाही. त्याने पाहिलेलं सांगावं, पायरी डॉक्टरांनी ठरवावी.

पुरळाचंही तसंच. परदेशी अ‍ॅपमधल्या चित्रांत गोऱ्या कातडीवर लालभडक चट्टे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते लाल दिसतीलच असं नाही. डाग काळपट, जांभळट दिसतो, हात लावला तर गरम लागतो, खाज सुटते. तळहात, तळपाय आणि कानामागची जागा रोज पाहायला हवी. फोटो काढायचा तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, एकच जागा रोज त्याच अंतरावरून. अ‍ॅपने हे चित्रासकट मराठीत समजावलं तर हॉस्पिटलला पाठवलेला फोटो उपयोगी पडतो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या पिवळ्या, हललेल्या फोटोतून काही कळत नाही.

तापाचा नियम मात्र कोणत्याही अ‍ॅपची वाट न पाहता पाठ असावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १०० पॉइंट ४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप असेल, नाहीतर थंडी वाजून अंग हुडहुडलं असेल, तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा. फोनवर सांगितल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही, कारण ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. अशा वेळी अ‍ॅपमध्ये नोंद करून उत्तराची वाट बघत बसणं धोक्याचं. चांगलं अ‍ॅप इथे पुढचे प्रश्न विचारतच नाही, थेट फोनचं बटण दाखवतं.

काही गोष्टी अ‍ॅपमुळे जास्त मोकळेपणाने सांगितल्या जातात, हेही नोंदवायला हवं. सासऱ्यांसोबत ओपीडीला आलेली सून पाळी बंद झाल्याचं किंवा लघवीच्या जागी जळजळ होत असल्याचं तिथे बोलत नाही. स्क्रीनवर ती ते लिहिते. शरीरसंबंध, मूल होण्याची काळजी, हे प्रश्न ट्रान्सप्लांटनंतर खूप जणांच्या मनात असतात, आणि विचारायला खोलीत एकांत मिळत नाही.

मिशिगनच्या अ‍ॅपला पपनस कुठून माहीत असणार

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ‘बीएमटी रोडमॅप’ नावाचं अ‍ॅप तयार झालं. लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटच्या वेळी ते टॅबलेटवर पालकांच्या हाती दिलं गेलं. त्यात रोजचे काउंट, औषधं, आपल्याला कोण डॉक्टर-नर्स बघतात त्यांची ओळख, ट्रान्सप्लांटचे टप्पे, आणि घरी सोडण्याआधी काय काय जमायला हवं हे सगळं होतं. मला त्यातली शेवटची गोष्ट फार आवडते. डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईने सांगण्याऐवजी घरच्यांना आठवडाभर आधीपासून कळत जातं की आपल्याला काय शिकायचंय.

अशी अ‍ॅप आपल्याकडे नुसती भाषांतर करून आणली तर मात्र अर्धी मदत होते. पथ्याचं पाहा. तिकडची यादी सॅलड आणि अर्धवट शिजलेल्या मांसाबद्दल बोलते. इकडे प्रश्न वेगळे असतात : घरी विरजलेलं दही चालेल का? देवळातलं तीर्थ? ताटातली कच्च्या कोथिंबिरीची चटणी? सोसायटीच्या टाकीतलं पाणी नुसतं फिल्टर केलं तर पुरे की उकळायचं? प्रत्येक सेंटरचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे उत्तर तुमच्या टीमकडूनच यावं. पण निदान हे प्रश्न अ‍ॅपमध्ये असायला हवेत. ग्रेपफ्रूट टाळा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे किती घरांत येतं? त्याच्याच जातीचं पपनस मात्र बाजारात आलं की हौसेने आणलं जातं, आणि तेही टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवू शकतं.

गुळवेलीचा काढा हा तर नातेवाइकांचा हमखास सल्ला. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून तो प्रेमाने आणून दिला जातो, आणि डॉक्टर तर ती प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत असतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्धही केली होती. भेटायला आलेल्या मामांना तोंडावर नाही म्हणणं घरच्यांना अवघड जातं. अ‍ॅपमधला एखादा मिनिटाचा मराठी व्हिडिओ त्यांना दाखवता आला तर ते काम सोपं होतं.

घरातल्या लहान मुलाला पोलिओचे डोस द्यायचे असतील तर तेही आधी विचारायचं, कारण तोंडावाटे दिलेल्या लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी, खिडकीतली कबुतरं, घोडबंदर रोडला किंवा खारघर-तळोजाकडे अखंड चालणारी बांधकामं यांचंही तसंच. बांधकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण उडतात आणि दुबळ्या फुप्फुसात घर करतात. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं तर खिडक्या बंद ठेवायच्या आणि टीमला कळवायचं, ही सूचना आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये पहिल्या पानावर हवी.

भरलेलं वाचतं कोण

माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निकाल आले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात, शरीरात पसरलेला कॅन्सर असलेले आणि केमो घेणारे ७६६ रुग्ण त्यात होते. एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे कॉम्प्युटरवर भरली. त्रास जास्त दिसला की नर्सला ईमेल जात असे. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी देखभाल झाली. लक्षणं भरणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१ पॉइंट २ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. हे बीएमटीचे रुग्ण नव्हते, त्यामुळे आकडे उचलून इथे चिकटवता येणार नाहीत. पण घडलं काय ते पाहा. पेशंटने सांगितलं, यंत्राने ओळखलं, आणि एका माणसाने फोन उचलून पुढचं काही केलं. ही शेवटची कडी नसेल तर आधीच्या दोन कड्या वाया जातात.

म्हणून कोणतंही अ‍ॅप घेण्याआधी बीएमटी को-ऑर्डिनेटरला सरळ विचारा : मी रात्री अकराला गंभीर त्रासाची लाल खूण भरली तर ती कोणाच्या मोबाइलवर जाते? रविवारी कोण बघतं? उत्तर किती वेळात येतं? ‘सोमवारी बघतो’ असं उत्तर असेल तरी हरकत नाही, फक्त ते आधी माहीत हवं. मग अ‍ॅप म्हणजे आपली वही, आणि अडचणीला फोन, असं मनात पक्कं राहतं. अ‍ॅपमधला चॅटबॉट कितीही गोड मराठी बोलला तरी डोस बदलण्यासाठी त्याचं ऐकायचं नाही. हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. मोबाइलची बॅटरी आणि नेटवर्क नको तेव्हाच दगा देतात.

रोज पंचवीस प्रश्न विचारणारं अ‍ॅप थोड्याच दिवसांत कोणी उघडत नाही. सुरुवातीला रोज पाच-सहा प्रश्न, पुढे आठवड्याला एकदा, हे बरं. टाइप करता येत नसेल तर बोलून नोंद करता यावी, अक्षरं मोठी असावीत, आणि पेशंटचं व सांभाळणाऱ्याचं खातं वेगवेगळं असावं.

सांभाळणाऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की त्यालाही कोणीतरी ‘तू जेवलास का’ विचारायला हवं. काही अ‍ॅप आठवड्यातून एकदा त्याची झोप आणि मन:स्थिती विचारतात. हे मला दिखाव्याचं वाटत नाही. मन फारच खचलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आपली माहिती, आपल्या हातात

ट्रान्सप्लांटच्या अ‍ॅपमध्ये पेशंटसोबत डोनरचीही माहिती असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की संमती मागताना दिलेली सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तेव्हा न वाचता ‘मान्य’ दाबू नका. फुकटचं अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल तर त्यात आजाराचं नाव टाकू नका. सोसायटीच्या किंवा भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्ट टाकण्यापेक्षा ‘तब्येत ठीक आहे’ एवढं कळवणं पुरे.

एक पान मात्र प्रत्येकाने भरून ठेवावं : इमर्जन्सी कार्ड. समजा रात्री डोंबिवलीतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना एका नजरेत कळायला हवं की ट्रान्सप्लांट कधी झालं, डोनर कोण, कोणती औषधं चालू आहेत, आणि रक्त चढवायचं तर ते इरॅडिएटेडच, म्हणजे रेडिएशन दिलेलंच, हवं. डोनरचा ब्लडग्रुप वेगळा असेल तर पेशंटचा ग्रुप हळूहळू डोनरचा होतो. जुन्या आधारकार्डासोबत ठेवलेल्या ब्लडग्रुपच्या चिठ्ठीवर कोणी विसंबू नये. मोबाइल लॉक असतानाही हे कार्ड उघडेल अशी सोय करून ठेवा आणि एक छापील प्रत पाकिटात ठेवा.

लसींचं वेळापत्रकही याच अ‍ॅपमध्ये राहू द्या. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणच्या लसींचं संरक्षण ओसरतं, म्हणून साधारण सहा महिने ते वर्षभरानंतर बऱ्याच लसी पुन्हा सुरू होतात. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांच्या आत देत नाहीत, आणि जीव्हीएचडी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आणखी थांबावं लागतं. इतक्या लांबच्या तारखा डोक्यात राहत नाहीत.

वर्ष-दोन वर्षांनी तब्येत सावरली की लोक फोन बदलतात, अ‍ॅप काढून टाकतात. काढण्याआधी सगळी नोंद पीडीएफमध्ये उतरवून घ्या. कोणती केमो मिळाली, रेडिएशन झालं असेल तर किती, स्टेरॉइड किती काळ घेतलं, कोणत्या लसी झाल्या, एवढं तरी त्यात असू द्या. थायरॉइड, डोळ्यांतला मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा यांची तपासणी ट्रान्सप्लांटनंतर कित्येक वर्षांनीही करावी लागते, आणि तेव्हाचे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.